मारिकाचं मशीन, माझी शिवण

४ मार्च

घेणार नाही. नाही म्हणजे नाही!

चर्चच्या तळघरात आज आम्ही बायका विक्रीसाठी पिरोही करत होतो. बटाटा भरायचा, कडा चिमटायच्या, उकळत्या पाण्यात सोडायच्या. तेवढ्यात मारिकाने गेल्या वर्षीचा नाचाचा घागरा आणला, मी शिवलेला, आणि सगळ्यांसमोर उलटा करून आतले सुटे दोरे दाखवले.

"बघा गं, कुमाच्या घागऱ्याच्या पोटात मिशा फुटल्यात!"

माझ्या मुलाची ती धर्ममाता. म्हणून एकमेकींना कुमा म्हणायचं, नाहीतर मी तिला काय म्हणाले असते ते इथेही लिहीत नाही.

मी म्हटलं, "पोटातच आहेत ना? तोंडावर नाहीत."

सगळ्या हसल्या. मारिकाने ओठावर हात नेला.

ख्रिसमसला तिच्या लेकाने तिला ओव्हरलॉक मशीन दिलं. तेव्हापासून अशी चालते, जणू घरात रेल्वेचं इंजिन बांधलंय. कापडाचे काठ कापतं म्हणे, गुंफतं म्हणे, एक दोरा सुटत नाही म्हणे. मीही घ्यावं म्हणे.

पाण्यात फुटलेल्या पिरोही कुणाच्या, हे मी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

६ मार्च

नाचमंडळाची ओरिस्या आली. बसली, उठली, परत बसली. मे महिन्यातल्या महोत्सवासाठी सगळ्या पोरापोरींना नवे कपडे शिवायचेत.

"आजी, समितीचं असं ठरलंय... घागरे तुमच्याकडे. मुलांच्या तुमानी मारिकाआजींकडे. त्यांच्याकडे ते नवं मशीन आहे ना. आणि तुम्हीही एखादं घेतलंत तर पुढच्या वर्षीचं बघता येईल."

बघता येईल!

या मंडळाची पहिली लाल तुमान मी बेतली, तेव्हा ओरिस्याची आई पाळण्यात होती. तेव्हापासून एकेक तुमान माझ्या हातची. सगळा प्रांत बघतो, मंडळाची पोरं उकिडवी बसून पाय फेकतात, हवेत उडतात, आणि आजवर एकाचीही शिवण उसवली नाही.

चहा दिला. साखर विचारली नाही.

७ मार्च

सून शेरिल म्हणते, "आई, घेऊन टाका ना एक. सगळ्यांकडे असतं."

सगळ्यांकडे पडसंही असतं.

१२ मार्च

शेरिल गाडीत घालून दुकानात घेऊन गेली. नुसतं बघायला.

बघितलं. खोटं कशाला लिहू? कापड आत गेलं, खर्रर्र, आणि बाहेर आलं ते दुकानातल्यासारखं. पात्याने काठ कापला, तीन दोऱ्यांनी बांधला, सगळं एका दमात. मला अर्धी दुपार लागते. माझा हात आपोआप त्या कापडावरून फिरला. परत फिरला.

मग विकणाऱ्या माणसाने मशीनच्या पोटाचं दार उघडलं. आत आकडे, खाचा, नळ्या, जणू कोंबडीची आतडी! "ओवायला सोपं आहे हो," म्हणाला, आणि चिमट्याने दोरा इथून तिथून, खालून वरून फिरवला. मला पहिलं वळणही दिसलं नाही. वर एक पुस्तक हातात दिलं. मुंगीएवढी अक्षरं, आणि नुसते बाण.

मी शाळेत दोन हिवाळे गेले. उन्हाळ्यात बीट खुरपायला माणूस लागायचं. त्या दोन हिवाळ्यांत जेवढं आलं तेवढ्यावर हे लिहिते. ते पुस्तक वाचण्याएवढं आलं नाही.

हे फक्त इथेच. ते ओवणं मला जमायचं नाही.

गाडीत शेरिलने विचारलं, "काय झालं? आवडलं होतं ना?"

"आवाज फार करतं."

मारिकाला जमतं. मारिकाला! जिला पिरोही चिमटता येत नाही!

२६ मार्च

घागऱ्यांचे काठ हाताने दुमडते आहे. आधी एक टीप, मग काठ आत, मग वरून दुसरी. आतून बघा, बाहेरून बघा, सारखंच. आता शोधू दे मिशा!

डोळ्यांतून पाणी येतं. रडू नव्हे. काळा दोरा काळ्या कापडावर.

९ एप्रिल

तालमीला तुमानी आल्या. एक उचलली, उलटी केली. काठ सुरेख. लिहिते, कारण आहे तसं.

पण शिवणीला दोन बाजूंनी ताण दिला, तर मधून उजेड दिसला. आत सरळ टीपच नाही! नुसतं ओव्हरलॉक, बाकी देवावर. आणि आसनाला चौकोनी तुकडा नाही. पाय फाकला की सगळा ताण त्या एका जागी येणार.

मारिकाला बाजूला घेतलं. सगळ्यांसमोर नाही. मी तिच्यासारखी नाही.

"कुमा, आत सरळ टीप घाल. आसनाला तुकडा लाव. ही पोरं तुमान घालून चर्चमध्ये उभी राहणार नाहीत."

"तीन दोऱ्यांनी शिवलंय, तेकला. तुझ्या जुन्या मशीनसारखं दोन दोऱ्यांनी नाही."

"तीन आळशी मिळून एक कष्टाळू होत नाही."

"हेवा वाटतो तुला. घे एक मशीन, मोकळी हो."

गेली. मला काय! सांगायचं ते सांगितलं.

२४ एप्रिल

ईस्टर. माझी पास्का, सणाची गोड पावरोटी, छान फुगली. मारिकाचीही फुगली. देव कधीकधी लक्ष देत नाही.

१४ मे

हात अजून लाल आहेत, दोऱ्याच्या रंगाने.

महोत्सवाच्या पडद्यामागे पोरं अंग मोकळं करत होती. माझा नातू ओस्तप खाली बसला, पाय फेकला. फर्रर्र! लगेच त्याच्या शेजारचा. मग तिसरा. मग सगळे मागे हात धरून भिंतीला टेकून उभे, मोठी मोठी पोरं, रडवेली.

मारिका पांढरीफटक. "कापडच वाईट निघालं..."

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हटलं. "सुया ओव."

सुई माझ्या झग्याच्या गळ्याशी असतेच. लाल रीळ पिशवीत. पोरांच्या लाल कमरपट्ट्यांची टोकं लांब लोंबत होती, ती कापली, त्यातून चौकोनी तुकडे केले. "ओळीत उभे राहा! पाठ माझ्याकडे. हललात तर टोचेन." मारिका सुया ओवून देत होती. तिचे डोळे माझ्यापेक्षा चांगले, हे मान्य. मी अंगावरच्या अंगावर तुकडे लावत गेले, एक टाका पुढे, अर्धा मागे.

"आजी, टोचलं!" ओस्तप ओरडला.

"टोचू दे. गावाला दाखवण्यापेक्षा बरं."

तिकडे आमच्या मंडळाचं नाव पुकारलं, इकडे शेवटच्या पोराचा दोरा मी दातांनी तोडला.

नाचले! लोक पाय बघत होते. मी आसनं बघत होते. एक टाका हलला नाही. एकही नाही! सभागृह उभं राहिलं. त्यातली निम्मी टाळी माझी, आणि मी ती घेतली.

ओरिस्याने मिठी मारली. "पुढच्या वर्षी सगळे कपडे तुमच्याकडे, आजी. मशीन असो नसो."

गाडीपाशी मारिका मागून आली. "तो चौकोनी तुकडा बेततात कसा?"

"ये कधीतरी," म्हटलं.

२१ मे

घेतलं.

शेरिल बघतच राहिली. तिला म्हटलं, मार्चमध्ये घेतलं असतं तर मारिकाने घ्यायला लावलं असं झालं असतं. आता मी घेते आहे. शिवण माझी, काठ मशीनचा. दोन्ही असलेली तुमान या प्रांतात कुणाकडे नसेल.

दुकानातल्या माणसाने ओवून दिलं. घरी येऊन एक काठ शिवला. लोणी! दुसऱ्या काठाला माझ्याच एप्रनची घडी खाली गेली आणि पात्याने ती खाऊन टाकली. त्या ओढाताणीत तिन्ही दोरे तुटले.

दार उघडलं. कोंबडीची आतडी. पुस्तक उघडलं. मिटलं.

मशीनवर चादर टाकली. शेरिलला सांगितलं, धूळ बसते.

२३ मे

मंडळाला शब्द दिलाय. चादरीखालून शब्द पाळता येत नाही.

मारिकाला फोन केला. "ये. तुकडा बेतायला शिकवते." आणि मग, दात आवळून, "येताना चष्मा आण. माझ्या मशीनचा दोरा तुटलाय."

२४ मे

मारिका आली. चष्मा पुसला, मशीनचं दार उघडलं, आणि आत बघत बसली.

"कुमा," म्हणाली, "मला कुठे येतं ओवायला! दुकानदाराने दिलं होतं ओवून. नाताळापासून नवा दोरा जुन्याला गाठ मारते आणि हळूच ओढून घेते. तुटेल म्हणून रोज जीव मुठीत."

मी पुस्तक उघडलं. चिमटा तिच्या हातात दिला.

"तू ओव," म्हटलं. "बाण मी वाचते."