मागच्या बिछान्यावरचं सामान

बाबा,

मोठ्या गाडीची किल्ली मी ऑफिसला घेऊन चालले आहे. हवं तर रागवा.

सकाळी त्या गाडीमागे जोडायच्या कॅरॅव्हॅनमध्ये, आपल्या फिरत्या घरात, डोकावले. आईचं शिलाई मशीन आणि पुस्तकांची खोकी तुम्ही मागच्या बिछान्यावर रचली आहेत, आई झोपायची तिथेच. जड सामान तळाला, चाकांच्या आसापाशी ठेवायचं. मागे भार गेला की कॅरॅव्हॅन वेगात झोकांड्या खाते आणि ओढणाऱ्या गाडीलाही उलथवते, हे मला तुम्हीच शिकवलंत. दुःखात विसरला असाल, तर बरंच म्हणायचं. पण तुम्ही विसरला नसाल, मुद्दामच तसं रचलं असेल, या भीतीने किल्ली नेते आहे.

आई गेल्यापासून आपण फक्त जेवणापुरतं बोलतो. मी दुपारीच परत येते. निघायचंच असेल, तर मला शेजारी बसवून न्या.