जोराच्या अक्षरावर पाय

अंधेरी, जानेवारी १९८४

सौ. जानकीस,
मुंबईहून तुझ्या नवऱ्याचे आशीर्वाद.

मी मजेत आहे. गिरणी सुटल्याचं आता मनाला लावून घेऊ नकोस. हॉटेलातली नोकरी बरी आहे, दोन वेळचं जेवण तिथंच होतं. आपल्या बाबूचा ताप उतरला का? लगेच कळव.

सध्या आम्हाला इंग्रजी बोलायला शिकवतात. शिकवणाऱ्या पद्मजाबाई म्हणाल्या, "सहदेव, तुम्ही सगळी अक्षरं सारखीच म्हणता. इंग्रजीत एकावर जोर द्यायचा, बाकीची हळूच गिळायची." म्हणजे 'रिसेप्शन' म्हणताना जोर 'सेप'वर. मला काही जमेना. मग आपला जाखडीचा नाच आठवला. जोर आला की पाय आपटायचा. जमलं की गं!

पण परवा वाट लागली. एका गोऱ्या बाईला रिसेप्शन कुठं ते सांगताना पाय खरंच आपटला. बाई दचकली, मॅनेजर धावत आला. पण तिला एका दमात कळलं बरं! आता बुटातल्या बुटात नुसता अंगठा दाबतो. पुढच्या महिन्यात मला कायम करणार आहेत.

इथं दिवसभर अक्षरं गिळतो. गावात तर तुझं अख्खं नावच गिळत आलो, आईसमोर नुसतं 'अगं'. शिमग्याला आलो की अंगणातूनच हाक मारीन, जानकी! तिन्ही अक्षरं सारखी. आई काय म्हणायचं ते म्हणू दे.

तुझा,
सहदेव