स्टेजकडे पाठ

ती. बाबांना नमस्कार,

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं.

काल गाण्याच्या कार्यक्रमाला बंदोबस्त होता. आम्हा पोलिसांना स्टेजकडे पाठ करून गर्दीवर नजर ठेवावी लागते. एक मुलगी ओरडली, “मॅडम, गाणं तिकडे चाललंय, आमची तोंडं काय बघताय?” दादा गेल्यापासून पहिल्यांदाच हसू आलं.

गाण्याने पोरं बिघडतात, असं तुम्ही म्हणता. पण गाताना दादा डोळे मिटायचा, तशीच गर्दीतली ती पोरंही डोळे मिटून गात होती. मी बघतच राहिले.

धाकटीला दादासारखं वाजवायला शिकायचंय, बाबा. फोनवर रडत होती.

तुमचा गुडघा कसा आहे? माळ्यावर तुम्ही चढू नका. तिलाच चढू द्या, आणि तिथे ठेवलेली दादाची गिटार तिच्याकडेच राहू द्या. नव्या तारा मी पाठवतेय.

तुमची,
मधली