प्रार्थनेला ‘जैसे थे’

तीर्थरूप मावशीच्या पायांशी, बूट काढून, नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नकोस म्हणून बजावलं असताना तू कपडे वाळत घालायला गच्चीवर जातेस, हे काकांच्या पत्रातून कळलं. (बाजाराची यादी लिहायची म्हटलं की काकांचा हात थरथरतो, चहाडी लिहिताना मात्र अक्षर मोत्यासारखं येतं.) त्यांचा खोकला कमी झाला असेल अशी आशा आहे. मी ठणठणीत आहे.

माझं मागचं नऊ पानी पत्र तुला पोचलं असणार, कारण तुझं उत्तर आलेलं नाही. त्यातला मुद्दा मी मागे घेत नाही. ज्याचा देवावर विश्वास नाही त्याच्या नावाने, त्याला न विचारता, तू रोज सकाळी देवाकडे अर्ज करणं हे त्याच्या स्वातंत्र्यावर अतिक्रमण आहे. इथे नुकतंच जे प्रकरण झालं त्याने माझी बाजू बळकटच झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या तुकडीत आम्ही चौऱ्याण्णव जण. सकाळच्या कवायतीनंतर दोन मिनिटं प्रार्थना असते. नियमाप्रमाणे ती ऐच्छिक आहे, पण आमच्या हवालदारांच्या शब्दकोशात तो शब्द नाही. (त्यांना सगळे ‘भोंगा’ म्हणतात, अर्थात ते दोन मैदानं पलीकडे असताना, आणि तरीही हळू.) कुणी कुठल्या देवाला हाक मारावी यात ते ढवळाढवळ करत नाहीत, फक्त ती सगळ्यांनी एकदम मारावी एवढाच त्यांचा आग्रह. ‘प्रार्थना सुरू कर’ म्हटलं की माना खाली, घड्याळात दोन मिनिटं झाली की ‘जैसे थे’. मावशी, कवायतीत ‘जैसे थे’ म्हणजे आधीचा हुकूम रद्द, होतात तसे व्हा. म्हणजे आमची प्रार्थना रोज सकाळी व्हायची आणि रोज सकाळी अधिकृतपणे रद्दही व्हायची. (प्रार्थनेनंतर बहुतेकजण जैसे थेच दिसत, तेव्हा हुकूम तंतोतंत पाळला जात होता असं म्हणायला हवं.) मी मान ताठ ठेवून उभा राहायचो. त्यावर भोंग्याचं म्हणणं, ‘मानत नसशील तर नको मानू, पण मान खाली घालून नको मानू.’ या सक्तीविरुद्ध मी केलेला अर्ज तीन महिने मेजरसाहेबांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये चहाच्या कपाखाली होता.

आणि गेल्या मंगळवारी ‘जैसे थे’ झालं, सगळ्या माना वर आल्या, एक आली नाही. आमचा आचारी. जाडजूड, मितभाषी माणूस, मनगटावर वाफेने भाजल्याचे डाग. त्याचा धर्म मोजक्या लोकांचा. कोणता ते मला अजून माहीत नाही आणि त्याची बाजू घ्यायला ते विचारायची गरजही पडली नाही. भोंग्याने दुसऱ्यांदा असं ‘जैसे थे’ दिलं की छपरावरचे पक्षी उडाले. आचाऱ्याचे ओठ हलतच होते. वीस सेकंद! आरोप लिहिला गेला: हुकूम रद्द झाल्यावरही प्रार्थना चालू ठेवणे. आरोप सिद्ध झाला असता तर त्याची रजा गेली असती, आणि सात महिन्यांची झालेली नात त्याने अजून पाहिलेली नाही.

आरोपीच्या वतीने सहकाऱ्याला बोलता येतं, असा नियम आहे. मी तडक स्वयंपाकघरात गेलो. आचाऱ्याने डाव खाली ठेवला आणि हात जोडले. ‘तुम्ही बोलू नका हो. मला याच वर्षी रजेवर जायचंय.’ तरी मेजरसाहेबांपुढच्या सुनावणीत मी बोललो. चौदा पानं काढली होती. पाय हुकमाने उचलता येतो, साहेब, मन उचलता येत नाही. ज्या सत्तेला प्रार्थना सुरू करवता येते तिला उद्या ती थांबवताही येईल, आणि आज तेच झालं आहे. मला हात न जोडण्याचं स्वातंत्र्य हवं असेल तर याचे जोडलेले हात ओढून सोडवले जात असताना मी कसा गप्प बसू, वगैरे. (हे मी आजही शब्दशः म्हणेन.) भोंग्याची साक्ष एका वाक्याची होती: दोन मिनिटं पुष्कळ झाली, मला स्वतःला दीड पुरतं.

चौथ्या पानावर मेजरसाहेबांनी हात वर केला आणि सरळ आचाऱ्यालाच विचारलं, ‘सगळ्यांचं वेळेत होतं, तुझंच का उरतं?’

तो बुटांकडे बघत म्हणाला, ‘सगळ्यांची नावं घेतो, साहेब. आधी पुरायची दोन मिनिटं. गेल्या आठवड्यात अकरा नवे आले, ते अजून अडखळत येतात तोंडात.’

‘कुठल्या क्रमाने घेतोस?’

‘जेवायच्या रांगेच्या. वाढता वाढता पाठ झालेत. शेवटचे राहिले होते, साहेब. मधेच सोडलं तर तेवढेच उपाशी राहायचे.’

मावशी, जेवणाच्या रांगेत शेवटचा कोण असतो ते तुला सांगायला नको. मी कुणाशी तरी वाद घालत उभा असायचो आणि माझं ताट तू वर्षानुवर्षं झाकून ठेवलं आहेस. आचाऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातात दहा पानं शिल्लक होती आणि मी खाली बसलो.

मेजरसाहेबांनी आरोपाचा कागद पालथा घातला. म्हणाले, ‘हवालदार, जैसे थे.’ मग कपाखालून माझा अर्ज काढून त्यावर सही केली. आता हुकूम नाही. ज्याला हवं तो कवायतीनंतर शस्त्रागाराशेजारच्या खोलीत जातो, हवा तितका वेळ. बाहेर आल्यावर भोंग्याने आचाऱ्याला कोपऱ्यात घेऊन विचारलं, ‘मी कितवा?’ ‘पहिले, साहेब,’ आचारी म्हणाला. (रांगेत ते नेहमीच पहिले.) भोंगा तो सबंध दिवस हळू बोलला.

आचारी त्या खोलीत असताना त्याचं पातेलं कुणीतरी ढवळावं लागतं, नाहीतर तळाशी लागतं. माझं विश्वास न ठेवण्याचं स्वातंत्र्य मी सध्या त्या कामी वापरतो.

काकांना नमस्कार. जिना चढू नकोस.

तुझा, मत तिळभरही न बदललेला,
भाचा

ता. क. आचारी येत्या शनिवारपासून पंधरा दिवस रजेवर जातो आहे. आमची तुकडी सोमवारी सरहद्दीवरच्या चौकीवर जाते. म्हणजे नेमके ते दिवस यादी कुणी म्हणणार नाही. माझा विश्वास नाही, पण पहारेकरी रजेवर गेला तर जागा रिकामी ठेवू नये एवढं मलाही शिकवलं आहे. सोबत यादी जोडली आहे, रांगेच्या क्रमाने. गुडघा दुखत असेल तर बसून म्हण. घाई करू नकोस, इथे आता घड्याळ लावत नाहीत.

ता. क. दुसरा. यादी उतरवून घेताना त्र्याण्णवच नावं भरली. आचाऱ्याला विचारलं तर म्हणाला, ‘वाढणारा आधी स्वतःला वाढून घेतो का?’ त्याचं नाव मी सगळ्यांत वर लिहिलं आहे. भोंग्याला कळवू नये.

ता. क. तिसरा. शेवटचं नाव ओळखीचं वाटेल. मागच्या नऊ पानांबाबत, मावशी, जैसे थे.