रावसाहेबांपुढची खुर्ची

धुळे, सोमवार, मार्च १९७२

थोरल्या भावाला, आबांना घेऊन आज मामलेदार कचेरीत गेलो. आबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. माजी सैनिकांच्या जमिनीसाठी त्यांचा अर्ज. मामलेदार रावसाहेब पोरसवदा. मला म्हणाले, "या शेठ, बसा." आबांना म्हणाले, "तू काय रे, शिपाई होतास?"

खुर्ची एकच. मी बसलो.

आबा सावधान उभे राहून म्हणाले, "सुभेदार, साहेब."

"म्हणजे हवालदाराचा मोठा भाऊच ना!" रावसाहेब हसले. मीही हसलो. सवयच ती, साहेब हसले की हसायचं, त्यावर तर दुकान उभं केलं. पलटणीत कर्नलसुद्धा आबांना 'सुभेदारसाहेब' म्हणायचा, मी या कानांनी ऐकलंय. निदान मला खुर्चीतून उठायला काय झालं होतं?

बोललो असतो तर आबांची जमीन अडली असती, असं मनाला सांगतोय. की माझ्या दुकानाचा परवाना, तोही रावसाहेबांच्याच सहीचा? स्वतःचा राग यायला हवा, तोही येत नाही.

रावसाहेबांनी उद्या पुन्हा बोलावलंय. घरी आल्यावर आबा तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "सकाय मी एकलाच जासू. तू दुकान सांभाळ."

मी बरं म्हटलं.