पाहुण्यांची भिंत

बोथ,
१३ ऑक्टोबर १९९२

प्रिय शेवंते,

कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की आधी काहीच होत नाही. मग तळाशी कुठेतरी एक खडा तडकतो, मग दुसरा, आणि थोड्या वेळानं सगळं मडकं गुरगुरायला लागतं. तू लहान होतीस तेव्हा त्या आवाजाला भिऊन आईच्या लुगड्यामागे दडायचीस आणि म्हणायचीस, मडक्यात म्हातारा खोकून राह्यला. दर दिवाळीला तो म्हातारा आपल्या अंगणात खोकायचा. आज सकाळपासून तोच आवाज माझ्या कानात आहे. अंगणात मडकं नाही, चुना नाही, तरी आहे.

तुझं पत्र शनिवारी आलं. ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. पत्र मनात वाचणं मला अजून जमत नाही. मास्तरांनी सातवीपर्यंत सगळं चालीवर म्हणून घेतलं, ती खोड मोडली नाही. लिहिलेलंही एकदा म्हणून पाहिल्याशिवाय मला पटत नाही. भिंतीपलीकडे बयनाबाई खोकली, म्हणजे तिनंही ऐकलं असणार. तुझी आई म्हणायची, यांच्या पत्राले पाकीट कायले पाहिजे, अर्ध्या गावाले तसंच पोचते.

तू तीन गोष्टी विचारल्यास. नांदेडचं नवं घर कसं मांडू. पाहुणे आले की आई नेमकं काय करायची. आणि तिसरी भिंतीची. तू लिहिलंस की दिवाळीला सुधाकरराव आणि छकुलीला घेऊन येतेस, सोबत ट्रेसिंग कागदाची गुंडाळी आणतेस, आणि आईची सगळी भिंत त्यावर उतरवून घेऊन आपल्या दिवाणखान्यात काढतेस. ‘तोवर त्या भिंतीला कुणाचा हात लागू देऊ नका’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्यास. तिसऱ्याचं उत्तर शेवटी देतो. शाळेतही मी सोपी गणितं आधी सोडवायचो.

घर मांडायचं म्हणतेस. तुझ्या शेजारणीकडे काचेचं कपाट आहे, त्यात प्लास्टिकची फुलं आणि न वापरलेल्या कपबश्या आहेत, आणि तुझं घर त्यापुढे उघडं वाटतं, असं तू लिहिलंस. मला त्यातलं काही कळत नाही. पण गुडीहत्नूरचे रामाजी शिंपी आठवतात का बघ. भजनात पेटी वाजवायचे ते. त्यांच्या घरात भिंत अशी दिसायचीच नाही. चाळीस वर्षांत शिवलेल्या प्रत्येक कापडाचा एक तुकडा त्यांनी खळीनं डकवला होता. गावातल्या बायका आपल्या लग्नाच्या चोळीचा तुकडा शोधायला त्यांच्याकडे यायच्या, सापडला की त्याच्याखाली बसायच्या आणि चहा घेतल्याशिवाय उठायच्या नाहीत. तुझ्या आईनं ते घर पाहिलं आणि परतताना बसमध्ये एवढंच म्हणाली, हे खरं घर हाय, मानूस आला का त्याले आपली जागा सापडते. कपाटातल्या कपबश्यांत कुणाला आपली जागा सापडेल, ते मला सांगता येणार नाही.

आपली भिंत त्यानंतरच सुरू झाली. तू तेव्हा रांगत होतीस. एक घोंगडीवाला उन्हाचा आला, दोन भाकरी खाऊन गेला, आणि तो वळणावर गेला न गेला तोच आईनं बाभळीची काडी चावून तिचा कुंचला केला, करवंटीत गेरू कालवला आणि ओसरीच्या भिंतीवर उंट काढला. मी म्हटलं, अगं, तो पायी आला होता. तर म्हणते कशी, पायी आला, पन चाल उंटाची होती. तेव्हापासून तिनं नेम धरला. आपल्या घरी जो पहिल्यांदा जेवेल त्याचं एक चित्र भिंतीवर, आणि तेही तो गेल्यावर. तोंडावर काढलं तर मानूस लाजते, म्हणायची. पोस्टमास्तरांची छत्री. पटवाऱ्याचा साप, तो पटवारी पुढे दोनदा आला आणि सापाखालीच बसून वाखाणत जेवला. माझे मित्र माणिकराव म्हणजे झोपलेलं मांजर. तुझे सुधाकरराव म्हणजे कोंबडा, कारण लग्नाआधी मुक्कामाला आले ते पहाटे चारला उठून आंघोळीचं पाणी मागत होते. दर दिवाळीला ती निळीची चिमूट घातलेला चुना हातानं लावायची, चित्रांच्या कडेकडेनं, जशी तुझ्या कानाच्या मागून साबण फिरवायची तशी. मग सगळ्यांवर पुन्हा गेरू. सव्वीस वर्षं.

बयनाबाईचं तिनं जातं काढलं. बयनाबाई काही पाहुणी नव्हे, भिंतीला भिंत लागून शेजारीण. पण एकदा तिच्या घरातला चुलीचा धूर निघेना म्हणून आपल्याकडे जेवली आणि जेवताना एक क्षण गप्प बसली नाही. आठ दिवसांनी तिला कुणी तरी सांगितलं. कमरेवर हात देऊन ओसरीत उभी राहिली. “मी जातं हाव का वो मथुराबाई? येवढी घरघर करतो का मी?” आईनं शांतपणे उत्तर दिलं, “जातं हाय म्हनून तं घरात पीठ हाय, बाई.” बयनाबाईला ते पटलं नाही. दोन वर्षं आपल्या ओसरीवर चढली नाही. आईनं जातं पुसलं नाही. उलट पुढच्या दिवाळीला त्याच्या खुंट्याला एक फूल काढलं.

आता पाहुण्यांचं. तुझ्या आईची रीत लिहून ठेवावी अशी मोठी नव्हती, पण मोडलेली मी कधी पाहिली नाही. आल्याबरोबर तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा. जेवता का, असं कधी विचारायचं नाही. विचारलं की माणूस नाही म्हणतो. नुसतं म्हणायचं, हात धुवा. पाट टाकायचा तो पाहुण्याचं तोंड भिंतीकडे करून. दाराकडं तोंड असलं का मानसाचं ध्यान जान्यातच राह्यते, असं तिचं म्हणणं. आणि बुजरा माणूस असला तर त्याला पाहायला काही तरी हवं, म्हणजे तो चित्रं मोजत चार घास जास्त खातो. वरण कमी पडलं तर पाणी वाढवायचं, पण भाकर एकेक, तव्यावरची, म्हणजे मधल्या वेळात बोलणं होतं. आंबाडीची भाजी असली तर लाजून सांगायचं नाही. तुझ्या बँकेच्या मंडळींना टेबलाशी बसवायचं असेल तर बसव, पण खुर्च्या भिंतीकडे वळव. एवढंच मला सांगता येतं.

मीही घर सजवलं होतं, ते तुला आठवत असेल. आपल्या दुकानात आलेल्या पुठ्ठ्यांवर मी बोरूनं शाळेच्या पुस्तकातल्या कवितांची कडवी लिहायचो आणि खिळ्याला टांगायचो. सात पुठ्ठे होते. आईला अक्षर येत नव्हतं. म्हणायची, पावन्याचं पोट अक्षरानं भरते का? मी म्हणायचो, तुझ्या सापानं भरतं का? पण खरं सांगतो, सव्वीस वर्षांत एकाही पाहुण्यानं माझा पुठ्ठा वाचला नाही. सगळे उंटाकडेच बघायचे. मला त्याचं थोडं वाईट वाटायचं. आता वाटत नाही. आता कशाचंच फारसं वाटत नाही. वेळेवर जेवतो, समोरच्या लक्ष्मणरावांची सून डबा देते, त्यात काय होतं ते संध्याकाळी आठवत नाही.

वैशाखात आईचं दुखणं वाढलं म्हणूनच तुझं बाळंतपण सासरी ठरलं, हे तुला माहीत आहे. त्या दिवसांत एका दुपारी ती भिंत धरत धरत उठली आणि दाराजवळ गेरूनं एक गोल काढला, ताटाएवढा, आत काही नाही. मी विचारलं, हे कोण? म्हणाली, नवी पावनी येऊन राह्यली नांदेडहून. पाहू कशी हाय, मंग काढीन. मुलगीच होणार हे तिनं कशावरून धरलं होतं कोण जाणे. आषाढात ती गेली. तुझे दिवस भरले होते, म्हणून मोठ्या माणसांनी ठरवलं की बाळ झाल्यावर कळवायचं. मी मान हलवली. त्या तेरा दिवसांत मी सगळ्याला मान हलवली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी घर शुद्ध करायला बाया जमल्या. सुतकाचं घर सारवायचं, चुना द्यायचा, तेरवीचं जेवण स्वच्छ भिंतींच्या आत व्हायला पाहिजे, ही आपली रीत. दुसऱ्यांच्या घरी मी ती पन्नास वेळा पाहिली आहे. मी मधल्या खोलीत खांबाला टेकून बसलो होतो. बयनाबाई सगळ्यांत पुढे होती. दारात येऊन म्हणाली, “भाऊजी, ओसरीच्या भितीचं काय करू?” मी म्हटलं, करा. परत आली. “चित्रं हायेत वो त्याच्यावर.” मी म्हटलं, रीत आहे ती करा. तिसऱ्यांदा आली, नुसती उभी राहिली. मी हातानं जा म्हटलं. मग अंगणात मडकं तडकायला लागलं. तो आवाज मी ओळखला, शेवंते. हा आपला दिवाळीचा आवाज आहे, एवढंच मनात आलं. उठलो नाही. सात वासे होते डोक्यावर, ते मोजत बसलो. एक शब्द पुरला असता.

संध्याकाळी ओसरीत गेलो तर भिंत पांढरी. निळीची चिमूटही नव्हती, नुसती पांढरी. उंट नाही, छत्री नाही, साप नाही, मांजर नाही, तुझ्या नवऱ्याचा कोंबडा नाही. दाराजवळची रिकामी जागा आता रिकामी अशी राहिलीच नाही, सगळीच रिकामी आहे. आणि माझे सातही पुठ्ठे बायांनी जपून उतरवून, पुसून, पुन्हा त्याच खिळ्यांना टांगले होते. कुणी तरी म्हणालं असेल, लिवलेलं हाय, देवाचं असंल.

हे तुला लिहायला मला तीन महिने लागले. श्रावणात तू विचारलंस तेव्हा मी लिहिलं होतं की भिंत जशीच्या तशी आहे. ते खोटं होतं. आणखी एक. या तीन महिन्यांत मी मनातल्या मनात बयनाबाईवर दोष ठेवला. जात्याचा राग तिनं चुन्यानं काढला, असं म्हणत राहिलो. तीही तेव्हापासून इकडे फिरकली नाही, समोर आली की पदर ओढून वळते. पण तिनं तीनदा विचारलं होतं. मी आता हे लिहून मोठ्यानं वाचलं आणि वाचताना माझं मला कळलं की तीनदा कोण विचारतं. हे पत्र म्हणूनच लिहिलं, की तू गुंडाळी घेऊन दारात उभी राहण्याआधी तुला कळावं. बसमधून उतरून, कडेवर पोर घेऊन, तू त्या पांढऱ्या भिंतीपुढे उभी राहशील आणि मी काही बोलू शकणार नाही, ते मला नको आहे. कागद आणू नकोस. यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलीस तर मी समजेन. छकुलीला माझा पापा दे, ती कशी दिसते ते कळव. आईला पाहायचं होतं.

तुझाच,
बाबा

ता. क. — पाकिटाला खळ लावत होतो तेवढ्यात अंगणाच्या दाराची कडी वाजली. डबा लवकर आला असं वाटलं. दारात बयनाबाई. एका हातात करवंटी, तीत कालवलेला गेरू, दुसऱ्या हातात चावलेली काडी, ओठांना अजून साल चिकटलेली. म्हणाली, “काऊन येवढ्या मोठ्यानं वाचता वो भाऊजी? सारं आयकू येते.” मी बाजूला झालो. तीच ओसरीत चढली, भिंतीला उघडा तळवा लावला आणि हळूहळू सरकवत नेला, अंधारात खुंटी शोधावी तसा. “म्याच पुसलं. कुठी काय होतं ते ह्या हाताले ठाव हाय. इथी उंट. इथी ते छत्री. पोरगी यायच्या आंदी होते का पाहू. चितर मले जमत नाई, वाकडंतिकडं होईन.” मग दाराजवळ तळवा थांबवून म्हणाली, “दारापासचा गोल रिकामाच ठेवू. ते शेवंता पाहीन. पह्यले माहं जातं काढू.”

मी तिला पाणी दिलं आणि गुळाचा खडा. पाकीट अजून उघडंच आहे. कागद घेऊन ये.