तळघरातला हात

कुरुळी,
४ ऑक्टोबर २०२५

चि. सुजितभाऊजी यांस,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. आईंचे गुडघे जैसे थे, पाणी एक दिवसाआड, हायवेची धूळ मात्र रोज. दसऱ्याला तुम्ही सोनं द्यायला आला नाहीत. आई संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत होत्या. गेमचा सहावा भाग आलाय, काम असेल, असं मी त्यांना सांगितलं.

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "सॉरी वहिनी" म्हणून मोकळे होता आणि मी "असू द्या" म्हणून. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाचा.

तुमचं ते तळघर मला पहिल्यापासून आवडत नाही. खरं नाव काही इंग्रजी आहे, पण तुम्ही दोघं भाऊ त्याला तळघरच म्हणायचात. मी लग्न होऊन आले तेव्हा तिसरा भाग चालू होता. ह्यांनी पहिल्या पगारातून घेतलेला जुना कॉम्प्युटर, खिडकीला चादर लावून केलेला अंधार, तुम्ही खुर्चीवर आणि हे मागे उभे. "आता पळ. थांब, गोळ्या पुरवून वापर." भुताला मारायचं कमी, त्याच्यापासून वाचायचं जास्त, एवढंच मला समजलं. मी केलेले पोहे तुम्ही ते सडकं मांस बघत बघत खायचात. मला मळमळायचं आणि तुम्हाला हसू यायचं. मग चौथा आला, पाचवा आला. तुम्हाला त्याच खेळाची चित्रं करणाऱ्या कंपनीत नोकरी लागली, तेव्हा ह्यांनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले.

खंडेनवमीला ह्यांच्या कंपनीतही मशिनची पूजा असते. पत्रा दाबणाऱ्या ज्या प्रेसने ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं पूर्ण आणि तिसरं अर्धं नेलं, तिलाच हार घालायचा, हळदकुंकू वाहायचं. ते ह्यांना जमेना. म्हणून तुम्ही "दादा, पूजेला आमच्या ऑफिसला या, घरच्यांना बोलावलंय" म्हणालात, तेव्हा हे नवा शर्ट घालून तयार झाले. स्कूटर मी चालवली.

तुमच्या हिंजवडीच्या ऑफिसात मोठ्या पडद्याला झेंडूचा हार होता आणि पडद्यावर तुमच्या खेळातलं ते भुताचं ध्यान. दार ढकलून आत येत होतं. आधी नुसता हात आला आणि मी तो ओळखला, ह्यांचाच. अंगठ्याचं काळं नख, गोणपाट शिवल्यासारखे टाके, मनगटावरचा लहानपणीचा चुलीचा डाग. त्यातून पू गळत होता, तेवढा तुमच्या पदरचा.

दर ड्रेसिंगला तुम्ही मोबाइलवर फोटो काढायचात. डॉक्टरांना पाठवायचेत, म्हणालात. मी आईंना म्हटलं होतं, असा भाऊ मिळायला नशीब लागतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात, हे ऐकून होते. तुम्ही मढं होईपर्यंतही थांबला नाहीत.

तरी ते मी गिळलं असतं. पण मग ती प्रसाद वाटणारी मुलगी आली. प्रसाद डाव्या हातात घ्यायचा नसतो, म्हणून हे आजही तोच तुटका हात पुढे करतात, खाली डाव्याचा आधार देऊन. तिने हाताकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं आणि खूश होऊन म्हणाली, "सर, मेकअप एकदम भारी झालाय. कोणी केला?"

हे म्हणाले, "कंपनीनं केला, मॅडम."

सगळे हसले. पेढ्यांचा बॉक्स धरून तुम्हीही हसलात. हा माझा दादा आहे, एवढं तुमच्या तोंडून निघालं नाही. पडद्यावरचं ते ध्यान निदान चित्र होतं. मला तुमची किळस आली, भाऊजी. अजून येते आहे.

आता सोमवारी तुम्ही ह्यांना परत बोलावलंय. सातव्या भागासाठी हात चारी बाजूंनी कॅमेऱ्यात घ्यायचाय म्हणे. हे तयार आहेत. उरलेली नखंसुद्धा कापून ठेवलीत. मी चिडले तर आई म्हणाल्या, "त्यो हो म्हणलाय नं, मग तू कशाला आडवी यायलीस?"

इथेच पत्र संपवणार होते. पण मग हे अर्धंच खरं होईल, म्हणून पुढचं लिहिते.

त्या दिवशी तुमच्या ऑफिसातून परत येताना मोशीच्या सिग्नलला हे मागून म्हणाले, "सुजितनं लई बारीक काम केलंय. एक टाका चुकला न्हाई." मी विचारलं, तुम्हाला राग नाही येत? तर म्हणाले, "त्यानं हात निदान बघितला तरी. तू वाढताना बी भिंतीकडं बघतीस." सिग्नल सुटला होता. मागचे हॉर्न वाजवत होते आणि मला गाडी काढता येईना.

खोटं नाही ते. अपघातापासून मी तो हात धरलेला नाही. झोपेत अंगावर पडला तर कूस बदलते. ह्यांना जेवायला चमचा देते, सोयीचा म्हणून. सोय माझी असते. तुम्हाला शिव्या घालताना ही गोष्ट सारखी आठवत होती.

काल दुपारी जेवण झाल्यावर मी तो हात हातात घेतला. टाक्यांची जागा गार आणि गुळगुळीत आहे. सोडावासा वाटला, लपवत नाही. पण सोडला नाही. हे डाव्या हाताने पाणी प्यायले आणि तसेच बसून राहिले.

तेव्हा सोमवारी हे येतील आणि मीही येईन. आधी त्या मुलीला बोलवा आणि हे तुमचे कोण, ते तिला सगळ्यांसमोर सांगा. मग खुशाल कॅमेरा लावा. मी तो हात धरून बसणार आहे, सोडायला तुमचे साहेब सांगोत नाहीतर आई. तुमच्या सातव्या भागात तो एकटा मिळणार नाही. चालत असेल तर भुताला बायको द्या.

ह्यांची,
दीपमाला